‘चिन्हे बदला आणि मिळवा’: एका नियमाची चौदा शतके

आजचा धागा लांब आहे आणि त्यात लढाया नाहीत. घोडे मात्र आहेत.

दोन गृहस्थ आहेत. पहिल्याजवळ तीनशे रूपे रोख आणि सहा घोडे. दुसऱ्याजवळ दहा घोडे, पण डोक्यावर शंभर रूपांचे कर्ज. सगळे घोडे एकाच किमतीचे, आणि दोघांची एकूण मालमत्ता अगदी सारखी. तर एका घोड्याची किंमत किती?

हा प्रश्न भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातला आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. जन्मसाल आणि रचनेचे वय या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवल्या आहेत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांवर त्यांचे मोठे उपकार आहेत.

उत्तर तोंडी काढता येईल. पण आपल्याला उत्तर नको आहे, ते मिळवण्यासाठी कागदावर काय मांडले जाई ते पाहायचे आहे. भास्कराचार्यांच्या पद्धतीने दोन ओळी अशा लिहिल्या जातात:

या ६ रू ३००
या १० रू १००˙

‘या’ हे ‘यावत्तावत्’ या शब्दाचे पहिले अक्षर. यावत्तावत् म्हणजे ‘जितके असेल तितके’. आज आपण जिथे ‘क्ष’ धरतो, तिथे ते ‘या’ धरीत. ‘रू’ म्हणजे रूप, अर्थात व्यक्त संख्या, जिची किंमत ठाऊक आहे अशी. दुसऱ्या ओळीतल्या शंभरापुढचे टिंब म्हणजे ऋणचिन्ह. (पोथीत हे टिंब आकड्याच्या डोक्यावर असते. इथे टाइप करण्याच्या सोयीसाठी ते पुढे दिले आहे.)

दोन्ही ओळी समान आहेत. आता एका बाजूचे ‘या’ दुसऱ्या बाजूच्या ‘या’मधून वजा करायचे, आणि उलट दिशेने ‘रू’मधून ‘रू’. दहातून सहा गेले, उरले या ४. तीनशेतून ऋण शंभर गेले, उरले… किती? दोनशे नव्हे. चारशे. चार घोड्यांचे मोल चारशे, म्हणून एका घोड्याचे शंभर. पडताळा घ्या: सहाशे अधिक तीनशे म्हणजे नऊशे, हजार उणे शंभर म्हणजेही नऊशे.

सगळी गंमत त्या चारशेत दडलेली आहे. ऋण वजा केले की धन होते. आणि घोड्यांतून घोडेच वजा होतात, रूपांतून रूपेच. सातवी-आठवीच्या वर्गात बैजिक राशींची वजाबाकी म्हणून जे शिकवतात, ते एवढेच दोन नियमांचे आहे.

दुसऱ्या नियमासाठी भास्कराचार्यांनी वापरलेला शब्द फार महत्त्वाचा आहे: जाती. समान जातीच्या राशींची बेरीज किंवा वजाबाकी होते, भिन्न जातीच्या राशी वेगळ्या मांडून ठेवायच्या, असा त्यांच्या नियमाचा आशय आहे. आपल्या शाळेतला ‘सजातीय पदे’ हा शब्द याच कुळातला. अव्यक्त ही एक जात, अव्यक्ताचा वर्ग ही दुसरी, घन ही तिसरी, रूप ही आणखी वेगळी. एकाहून अधिक अव्यक्ते असली, तर त्यांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, तांबडा. लिहिताना फक्त का, नी, पी, लो. दोन वेगळ्या रंगांचा गुणाकार झाला, तर त्याचे नाव ‘भावित’, खूण ‘भा’, आणि तीही स्वतंत्र जात. ज्या माणसाने काळ्यातून निळा वजा करता येत नाही हे एकदा पाहिले, त्याला ५क आणि ३ख यांची गल्लत करणे जड जाईल. माझ्या मते शिकवण्याच्या दृष्टीने ही रंगांची योजना आपल्या अक्षरांपेक्षा सरस होती.

आता पहिला नियम. वजा करायच्या राशीतले जे धन आहे ते ऋण होते, जे ऋण आहे ते धन होते, आणि मग बेरजेच्या नियमाने मिळवायचे. वजाबाकीसाठी वेगळी कृती नाहीच. चिन्हे उलटवा आणि मिळवा. याला भास्कराचार्यांनी एक लहानसे उदाहरण दिले आहे: धन दोन अव्यक्तांतून ऋण सहा अव्यक्ते आणि आठ रूपे वजा करून शेष सांग.

या २ रू ०
या ६˙ रू ८

खालच्या ओळीची चिन्हे उलटली: या ६ रू ८˙. मिळवले: या ८ रू ८˙. आजच्या लेखनात २क्ष − (−६क्ष + ८) = ८क्ष − ८.

या उदाहरणाशी माझे जुने वैर आहे. शाळेत जवळजवळ हेच गणित मी ८क्ष + ८ असे सोडवले होते. कंसाबाहेरच्या वजाने पहिल्या पदाचे चिन्ह बदलले, दुसऱ्याचे बदलायचे राहून गेले. वहीवर लाल फुली आली आणि शेजारी ‘नियम पाठ करा’ असा शेरा. नियम मला पाठच होता. तो तसा का, हे कोणी सांगितले नव्हते, आणि ते विचारायचे असते हे मलाही सुचले नव्हते. भास्कराचार्यांचे उदाहरण नीट पाहा: पहिले पद ऋण, दुसरे धन, आणि वरच्या ओळीत रूपे मुळीच नाहीत. विद्यार्थी जिथे घसरतो नेमकी तीच जागा त्यांनी निवडली आहे. नऊशे वर्षांपूर्वीचे विद्यार्थीही तिथेच घसरत असावेत, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतो.

हे नियम भास्कराचार्यांचे स्वतःचे नव्हेत आणि तसा त्यांचा दावाही नाही. त्यांच्या आधी पाच शतके, इ. स. ६२८ मध्ये, भिल्लमाळ येथे (आजचे राजस्थानातील भीनमाळ) तीस वर्षांच्या ब्रह्मगुप्तांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ पुरा केला. त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नियम एकापाठोपाठ एक येतात. शून्यातून धन गेले तर ऋण उरते, शून्यातून ऋण गेले तर धन उरते. शून्याला इतर संख्यांच्या पंगतीत बसवून त्याच्याशी व्यवहार कसा करावा हे इतक्या पद्धतशीरपणे सांगणारा याहून जुना ग्रंथ आपल्याला उपलब्ध नाही. आणि त्याच अध्यायात थोडे पुढे सजातीय पदांचा नियमही आहे: अव्यक्त, वर्ग, घन, वर्गवर्ग आणि त्यापुढचे घात यांपैकी जे तुल्य असतील त्यांचीच बेरीज-वजाबाकी, अतुल्य असतील ते पृथक्.

इथे एक खुलासा करायला हवा. ‘ऋणसंख्या जगात प्रथम भारतातच’ असा संदेश तुमच्याकडे कधीतरी आलेला असेल. तो बरोबर नाही. चीनमधील ‘नऊ अध्याय’ या प्राचीन गणितग्रंथात अनेक अव्यक्तांची समीकरणे मोजणीच्या काड्यांनी सोडवताना ऋणसंख्या येतात. इ. स. २६३ मध्ये त्यावर भाष्य लिहिणाऱ्या लिऊ हुई यांनी धनासाठी तांबड्या आणि ऋणासाठी काळ्या काड्या वापरण्याचे सांगितले आहे. काड्यांचा एक स्तंभ दुसऱ्यातून वजा करायचा, सजातीय समोर सजातीय ठेवून. म्हणजे कृती तीच. ब्रह्मगुप्तांचे मोठेपण पहिलेपणात शोधण्याची गरज नाही. अव्यक्त, शून्य आणि ऋण या तिघांना त्यांनी एकाच नियमावलीत आणले, आणि ती कोणत्याही गणिताला लागू पडेल अशी सांगितली, हे पुरेसे आहे.

ब्रह्मगुप्तांची सूत्रे श्लोकबद्ध आहेत आणि श्लोकात मांडणी दिसत नाही. ती दिसते टीकाकारांत. नवव्या शतकातील पृथूदकस्वामींनी ब्रह्मगुप्तांवर टीका लिहिली. तिच्यात समीकरण असे येते:

याव ० या १० रू ८˙
याव १ या ० रू १

‘याव’ म्हणजे यावत्तावताचा वर्ग. आजच्या भाषेत १०क्ष − ८ = क्ष² + १. त्यातली शून्ये पाहा. वरच्या ओळीत वर्ग नाही, तरी त्याची जागा शून्याने राखून ठेवली आहे. खालच्या ओळीत अव्यक्त नाही, तिथेही शून्य. का? तर वर्गाखाली वर्ग, अव्यक्ताखाली अव्यक्त आणि रूपाखाली रूप यावे म्हणून. स्थानमूल्याच्या पद्धतीत रिकाम्या स्थानी शून्य ठेवण्याची जी युक्ती आहे, तीच इथे पदांसाठी योजली आहे. आजही राशींची उभ्या मांडणीने वजाबाकी करताना शिक्षक सांगतात की पद नसेल तर जागा मोकळी सोडा. पृथूदकस्वामी ती मोकळीसुद्धा सोडत नव्हते.

टिंबाचे मात्र एक दुखणे होते. लेखनिकाच्या बोरूची जरा चूक झाली, ताडपत्राला कसर लागली किंवा शाई उडाली, की कर्जाचे उत्पन्न व्हायला कितीसा वेळ? बख्शाली हस्तलिखितात वेगळी सोय दिसते. पेशावरच्या परिसरातील बख्शाली गावी १८८१ मध्ये जमिनीखाली सापडलेली ही भूर्जपत्रे आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. त्यांत ऋणसंख्येच्या पुढे चक्क फुलीसारखी खूण आहे, आजच्या अधिकचिन्हासारखी! आपण जिला अधिक म्हणतो तिचा तिथला अर्थ उणे. हे हस्तलिखित नेमके कोणत्या शतकातले, यावर विद्वानांचे एकमत नाही. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या किरणोत्सारी कार्बनच्या चाचणीत वेगवेगळ्या पानांची वेगवेगळी शतके निघाली आणि वाद मिटण्याऐवजी वाढला.

आता बगदाद. इ. स. ८२० च्या सुमारास मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी ज्या ग्रंथाने ‘अल्जिब्रा’ हा शब्द जगाला दिला, त्यात एकही चिन्ह नाही. आकडेसुद्धा शब्दांत. वर्गाला ‘माल’, अव्यक्ताला ‘शय’ म्हणजे वस्तू किंवा ‘जिज्र’ म्हणजे मूळ, आणि संख्येला ‘दिरहम’. या ग्रंथात राशींच्या वजाबाकीचे एक सुंदर उदाहरण आहे: शंभर आणि एक वर्ग उणे वीस मुळे, यातून पन्नास आणि दहा मुळे उणे दोन वर्ग वजा करा. उत्तर: पन्नास आणि तीन वर्ग, उणे तीस मुळे. करून पाहा, बरोबर आहे. ‘उणे दोन वर्ग’ वजा केल्यावर वर्ग एकाचे तीन झाले. चिन्ह इथेही उलटले.

त्याहून मनोवेधक आहे ती पुढची कबुली. अल-ख्वारिज्मी आपल्या कृती भूमितीच्या आकृत्यांनी सिद्ध करून दाखवतात. याच दोन राशींच्या बेरजेपाशी येऊन मात्र ते सांगतात की इथे वर्ग, मुळे आणि संख्या अशा तीन वेगळ्या जाती एकत्र आल्याने समाधानकारक आकृती निघत नाही. प्रयत्न केला, पण ती पुरेशी स्पष्ट झाली नाही. शब्दांनी मात्र हे सहज समजते. आकृतीच्या हातातून काहीतरी निसटले आणि ते भाषेने धरून ठेवले, असा हा क्षण आहे. बीजगणित भूमितीपासून वेगळे होऊ लागल्याच्या खुणांपैकी ही एक मला फार जवळची वाटते.

अल-ख्वारिज्मींनी ऋण पद ‘वजा केलेले’ म्हणून स्वीकारले, पण एकटी उभी असलेली ऋणसंख्या त्यांच्याकडे नाही. म्हणून त्यांना वर्गसमीकरणांचे सहा वेगळे प्रकार करावे लागले, दोन्ही बाजूंना सगळी पदे धनच राहतील असे. ब्रह्मगुप्तांच्या खगोलगणिताचा प्रवास आठव्या शतकात बगदादपर्यंत झाला होता, हे खरे. पण त्यांचे बीजगणितही त्याच गाठोड्यातून गेले आणि त्यातूनच हा ग्रंथ उभा राहिला, असे छातीठोकपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. ऋणाबाबतचा हा फरक तर उलट दिशेने बोट दाखवतो.

भास्कराचार्य तरी ऋणाला पूर्ण सरावले होते का? बीजगणितातच माकडांचा एक प्रश्न आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून जे उरते, त्याच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली आणि एक झाडावर दिसते आहे. तर एकूण किती? समीकरणाची दोन उत्तरे येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा हिस्सा दहा, उणे तीन सात, वर्ग ४९, आणि झाडावरचे एक. पाचाचा पाचवा हिस्सा एक, उणे तीन म्हणजे ऋण दोन, वर्ग ४, आणि एक. दोन्ही उत्तरे समीकरणात चपखल बसतात. तरी दुसरे घेऊ नये, असे भास्कराचार्य सांगतात, कारण लोकांना ऋण व्यक्त संख्येची प्रतीती नसते. ऋण दोन माकडांचा वर्ग चार माकडे होतो, हे गणिताला चालते. बघणाऱ्याला चालत नाही. ज्यांनी ऋणाचे नियम इतके चोख सांगितले, त्यांनीच लोकांचा मान राखून एक उत्तर सोडून द्यावे, यात मला कमीपणा वाटत नाही.

मग त्या लोकांना समजावून सांगायचे कसे? सतराव्या शतकाच्या आरंभी हे काम कृष्ण दैवज्ञांनी केले. हे घराणे मूळचे विदर्भातील, पुढे काशीला स्थायिक झालेले. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर त्यांनी टीका लिहिली आणि नुसता नियम न सांगता त्याची उपपत्ती दिली. ऋणत्व म्हणजे वैपरीत्य, उलटेपणा, असे ते म्हणतात, आणि तो तीन प्रकारचा: देशतः, कालतः आणि वस्तुतः. पूर्वेकडे जाणे धन मानले तर पश्चिमेकडे जाणे ऋण. पुढचा काळ धन तर मागचा ऋण. आणि वस्तूंच्या बाबतीत, आपल्या मालकीचे ते धन, दुसऱ्याला देणे असलेले ते ऋण. आता घोड्यांच्या मालकाकडे परत या. शंभराचे कर्ज सावकाराने माफ केले, तर त्याला कोणी रोख दिले नाही, तरी त्याची मालमत्ता शंभरांनी वाढली. ऋण काढून घेतले, धन मिळाले. माझ्या वहीवरच्या शेऱ्याऐवजी एवढे एक वाक्य असते तर!

युरोपात या सुमारास चिन्हे रुळली होती. अधिक आणि उणे यांच्या आजच्या खुणा छापील पुस्तकात प्रथम आल्या त्या १४८९ मध्ये, लाइपझिगला, योहानेस विडमन यांच्या व्यापारी अंकगणितात. १५९१ मध्ये फ्रान्स्वा व्हिएत यांनी ज्ञात आणि अज्ञात दोन्ही राशींना अक्षरे दिली, आणि १६३७ मध्ये देकार्त यांच्या हातून लेखन बरेचसे आजच्यासारखे झाले. चिन्हे आली, संशय गेला नाही. १७५८ मध्ये इंग्लंडात फ्रान्सिस मॅसेरेस यांनी उणे चिन्हाच्या वापरावर स्वतंत्र पुस्तक लिहून लहान संख्येतून मोठी वजा करणे हा प्रकारच त्याज्य ठरवला. १७९६ मध्ये विल्यम फ्रेंड यांनी ऋणसंख्या साफ नाकारूनच बीजगणिताचे पुस्तक रचले. ब्रह्मगुप्तांनंतर साडेअकरा शतकांनी!

भास्कराचार्यांचा ग्रंथ या जगात पोहोचला तो वळणावळणाने. शाहजहानच्या कारकिर्दीत, १६३४-३५ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी यांनी बीजगणिताचे फारसी भाषांतर केले. ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरींचे हे पुत्र. त्या फारसीवरून एडवर्ड स्ट्रॅची यांनी १८१३ मध्ये इंग्रजी रूप सिद्ध केले. चारच वर्षांनी, १८१७ मध्ये, हेन्री कोलब्रुक यांचे थेट संस्कृतावरून केलेले भाषांतर लंडनला छापले गेले. त्यात ब्रह्मगुप्तांचे गणिताचे अध्यायही होते, आणि ‘या’, ‘का’, ‘रू’ ही अक्षरे रोमी लिपीत पहिल्यांदाच युरोपीय वाचकांसमोर इतक्या तपशिलाने आली.

आणि महाराष्ट्रात? भास्कराचार्य आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड असे सांगतात. ते नेमके कोणते, यावर वाद आहे; विजापूर, बीड, पाटण अशी नावे पुढे केली जातात. त्यांच्या घराण्याचा खान्देशाशी असलेला संबंध मात्र दगडात कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासून १८६५ मध्ये विद्वानांपुढे ठेवला. त्यानुसार भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने आपल्याकडे नेऊन पंडितांचा प्रमुख केले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण यादवाचे ज्योतिषी झाले आणि त्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ स्थापन केला. निकुंभ वंशातील सोइदेव याने शके ११२८ मध्ये, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमारास, त्या मठाला दान दिले.

लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. शेवटी मात्र भाषा बदलते आणि जुनी मराठी येते, कारण तिथे हिशेबाचा विषय निघतो: बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर आणि तेलाच्या घाण्यांवर मठाला कोणी किती द्यायचे. ‘या’ आणि ‘रू’ यांच्या ओळी एकाखाली एक मांडून शिकणाऱ्यांचा खर्च तेली आणि व्यापारी उचलत होते, आणि त्या देण्याची नोंद त्यांना वाचता यावी अशा भाषेत केली होती.